तालुक्याच्या गावात पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय: परवान्यापासून रजिस्टरपर्यंत

"भाऊ, फवारणी तं लहानपणापासून करतो. त्याले कायचं लायसन?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या पोरांनी विचारला, की शेवटी सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं ठरवलं. विचारणारे बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. कोणी दारव्ह्याचा, कोणी पुसदचा, कोणी मेहकरकडचा. तालुक्याच्या गावात आता स्लॅबची घरं वाढली, लाकडी कपाटं आली, मंगल कार्यालयं आली, वसतिगृहं आली. वाळवी, झुरळं, ढेकूण, उंदीर यांचं काम मिळतं. पूर्वी नागपूर-अमरावतीहून गाडी यायची, आता गावातल्याच पोराला फोन येतो. पाठीवरचा पंप घरात असतोच आणि औषध कृषी केंद्रात मिळतं. मग अडचण कुठे?

अडचण उंबरठ्यावर आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम ३८ नुसार स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या शेतात कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही. म्हणून बापाला कपाशीवर फवारायला कधी परवाना लागला नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरात, दुकानात, गोदामात किंवा शेतात औषध मारलं, की ते कायद्याच्या भाषेत 'व्यावसायिक कीड नियंत्रण' झालं. त्याला कलम १३ खालचा परवाना लागतो. परवान्याशिवाय अशा कामासाठी औषध साठवणं आणि वापरणं हे कलम १८ चं उल्लंघन आहे. त्याला दंड आहे आणि तुरुंगवासही आहे.

आणखी एक गैरसमज कृषी केंद्रवाल्यांचा असतो. त्यांच्याकडे कीटकनाशक विक्रीचा परवाना असतो, म्हणून पेस्ट कंट्रोलही त्यातच आलं असं ते धरून चालतात. तसं नाही. विकण्याचा परवाना वेगळा, व्यावसायिक कामासाठी साठवून वापरण्याचा वेगळा.

शिक्षण आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण

इथेच सगळ्यात जास्त लोक अडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कीटकनाशक नियम, १९७१ मधल्या नियम १० च्या पोटनियम ३-अ मध्ये पेस्ट कंट्रोलच्या परवान्याची अट आहे. अर्जदार कृषी पदवीधर हवा, किंवा रसायनशास्त्र विषय असलेला विज्ञान पदवीधर. शिवाय नियमात नाव असलेल्या संस्थेचं किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. त्या संस्था म्हणजे म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, उत्तर प्रदेशातल्या हापूडची धान्य साठवणूक संस्था आणि हैदराबादच्या राजेंद्रनगरमधली वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था. शेवटच्या संस्थेचं नाव पूर्वी वेगळं होतं, त्यामुळे जुन्या कागदांत ते वेगळं दिसलं तर गोंधळू नका. आपल्या भागातून हैदराबाद सगळ्यात सोयीचं पडतं.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून किंवा त्याच्या संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री केलेली कितीतरी मुलं आज स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसली आहेत. त्यांनी या वाटेकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं. पदवी हातात आहेच, फक्त पंधरा दिवस आणि जाण्या-येण्याचा खर्च लागतो. बी.एस्सी. झालेल्यांनी आधी गुणपत्रिका काढून रसायनशास्त्र विषय दिसतो का ते पाहावं. प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र आहे पण रसायनशास्त्र नाही, अशा पदवीवर अर्ज अडतो.

पदवी भाड्याने घेऊ नका. कृषी केंद्राच्या परवान्यांत एकाची पदवी आणि दुसऱ्याचं दुकान हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. पेस्ट कंट्रोलमध्ये तो जास्त घातक आहे, कारण इथे औषध माणसं झोपतात त्या खोलीत मारायचं असतं. स्वतःकडे पदवी नसेल तर पदवीधर मित्राला खरा भागीदार करा, त्याला कामावर प्रत्यक्ष येऊ द्या. अशा भागीदारीत कोणाच्या नावाने अर्ज करायचा, हे पैसे गुंतवण्याआधी परवाना अधिकाऱ्यासमोर बसून ठरवा.

जागा

परवाना माणसाइतकाच जागेला असतो. साठा ठेवण्याच्या प्रत्येक ठिकाणाचा वेगळा विचार होतो. उद्या वणीत दुसरी शाखा काढली, तर यवतमाळच्या कागदावर तिथे साठा ठेवता येणार नाही.

माझा पहिला अर्ज याच मुद्द्यावर परत आला होता. घराच्या ओसरीला लागून एक खोली होती. तिथे औषधं ठेवीन आणि पलीकडे तुरीची पोती असतील, असा नकाशा मी काढला होता. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पोत्यांकडे नुसतं बोट दाखवलं. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी माझ्या घरावर उपकार केले.

नियम ३५ आणि ३६ ची मागणी साधी आहे. कीटकनाशक खाण्याच्या वस्तूंबरोबर किंवा जनावरांच्या खाद्याबरोबर ठेवायचं नाही आणि न्यायचंही नाही. साठ्याची खोली वेगळी हवी. साठा थोडा असेल तर कुलूपबंद वेगळं कपाट चालतं. खोली पक्की, कोरडी, उजेडाची आणि हवा खेळती असलेली हवी. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. डबे फुगतात, झाकणातून वास सुटतो. म्हणून छताखाली निदान थर्मोकोलचं सिलिंग करा आणि दोन समोरासमोरच्या जाळ्या बसवा. जमिनीवर सिमेंटचा थर द्या, म्हणजे सांडलेलं मुरत नाही. शेजारी विहीर किंवा हातपंप असेल तर ती जागाच घेऊ नका.

अर्ज

हे खातं कृषी विभागाचं आहे, आरोग्य विभागाचं किंवा नगरपरिषदेचं नाही. सुरुवात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातल्या गुणनियंत्रणाच्या टेबलापासून करा. ऑनलाइन अर्ज भरण्याआधी एकदा तिथे प्रत्यक्ष जाऊन कागदांची आजची यादी आणि शुल्काचा आजचा आकडा लिहून घ्या. यादी दरवेळी थोडी बदलते आणि सेतू केंद्रातला पोरगा जुनीच यादी हातात देतो.

साधारण लागणारे कागद असे: पदवी आणि गुणपत्रिका, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा, खोलीचा मापांसह नकाशा, यंत्रं आणि सुरक्षा साहित्याची यादी, शुल्काचं चलन. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर कोणाच्या नावावर आहे तो उतारा) आणि ना-हरकत दाखला. भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार. नमुना ८ वर आजोबांचं नाव आणि अर्जावर नातवाचं, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. आजोबा असतील तर त्यांचं संमतीपत्र जोडा, नसतील तर आधी वारस नोंद करून घ्या. हे काम महिनाभर खातं, म्हणून ते सगळ्यात आधी हाती घ्या.

वेळ निवडायची असेल तर जानेवारी ते मार्च बरा. मे-जूनपासून गुणनियंत्रणाची माणसं बियाणं, खतं आणि बोगस कपाशीच्या मागे धावत असतात. तेव्हा तुमच्या खोलीची पाहणी मागे पडते.

परवाना हाती आला की मुदत, पत्ता आणि त्यावर लिहिलेल्या अटी शब्दन् शब्द वाचा. प्रत जागेवर दर्शनी लावा.

बाकीची नोंदणी

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्राकडे होणारी नोंद, मोफत आहे आणि आधारवर होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली थोडे कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कराचं नाव नोंदवा.

जीएसटी मात्र समजून घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. वर गेलात तर घर-दुकानातल्या पेस्ट कंट्रोलवर १८ टक्के कर. शेतातल्या उभ्या पिकाचं संरक्षण करमुक्त शेती-सेवांमध्ये येतं. शेतमालाच्या गोदामातल्या धुरीकरणाला, म्हणजे बंद जागेत विषारी वायू सोडून कीड मारण्याला, पूर्वी सूट होती, ती १८ जुलै २०२२ पासून काढली. जिनिंगवाले आणि डाळ मिलवाले अजून जुन्याच हिशेबाने बिल मागतात, तेव्हा ही तारीख त्यांना दाखवा.

कोणतं औषध हातात घ्यायचं

परवाना मिळवणं सोपं वाटावं, इतकं हे अवघड आहे. भारतात कीटकनाशकाची नोंदणी फरीदाबादची नोंदणी समिती करते, आणि नोंदणी 'कशावर, किती, कुठे' यासह होते. लेबलवर कपाशीची बोंडअळी लिहिली असेल तर ते औषध ढेकणासाठी नाही, मग ते कितीही जहाल असो. घराच्या कामाला ज्याच्या लेबलवर घर, इमारत किंवा सार्वजनिक आरोग्याचा उपयोग लिहिला आहे तेच औषध चालतं.

आपल्याकडे मोह कशाचा होतो ते मला ठाऊक आहे. शेतातून उरलेलं मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनची बाटली घरी पडलेली असते आणि कोणीतरी सांगतं, ढेकूण एका रात्रीत जातात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. उघड्या शेतात हे झालं. बंद खोलीत, गादीवर, लेकराच्या पाळण्याशेजारी तेच औषध काय करेल याचा विचार करा.

बाटलीवरच्या चौकटीतला त्रिकोण बघायची सवय लावा. लाल अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम, हिरवा त्यापेक्षा सौम्य. लाल त्रिकोण घरात न्यायचाच नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे.

जुन्या लोकांच्या तोंडी असलेली काही औषधं आता बाद आहेत. वाळवीसाठी वापरली जाणारी अल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर कधीच बंद झाली. लिंडेन बंद आहे. झुरळ-ढेकणासाठी फार वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं. कोणी जुना साठा स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. बंदी असलेलं औषध नुसतं जवळ सापडलं तरी परवाना जाऊ शकतो.

धान्यातल्या गोळीबद्दल वेगळं सांगतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते. हा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. म्हणून तिच्या वापरावर निर्बंध आहेत. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या तर पूर्ण बंद आहेत. साध्या पेस्ट कंट्रोल परवान्यावर धुरीकरण करता येत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी मान्य केलेलं तज्ज्ञत्व लागतं. मिथाइल ब्रोमाइड या धुरीकरणाच्या दुसऱ्या वायूचंही तसंच. वखारीचं काम चांगले पैसे देतं, पण ते दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा. आणि राहत्या घरात ढेकणासाठी गोळी ठेवायला कोणी सांगितलं, तर हात जोडून नाही म्हणा. कितीही ओळखीचा असो.

वाळवीचं काम, मापाने

आपल्याकडे निम्मं काम वाळवीचं असतं. यासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ आहे. त्याचा भाग २ बांधकामाआधीच्या प्रक्रियेचा, भाग ३ बांधून झालेल्या घराचा. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर १२ मिलिमीटरची भोकं ३० सेंटिमीटर अंतराने पाडायची आणि प्रत्येक भोकात जास्तीत जास्त १ लीटरपर्यंत द्रावण जिरवायचं. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट औषध) असेल तर १ टक्का द्रावणासाठी १ लीटर औषधाला १९ लीटर पाणी. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळणारं दाट औषध) असेल तर साधारण १ लीटर पाण्याला २.१ मिलीलीटर.

हे आकडे देण्याचं कारण आहे. स्वस्तात काम घेणारा भोकं दोन-दोन फुटांवर पाडतो आणि औषध निम्मं घालतो. मग वर्षभरात वाळवी परत येते आणि नाव आपल्या सगळ्यांचं खराब होतं. ग्राहकाला किती भोकं पाडली, किती लीटर गेलं ते मोजून दाखवा. 'दहा वर्षं गॅरंटी' छापू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी दोन्ही येतात, आणि जिल्हा आयोगात जायला ग्राहकाला वकीलही लागत नाही. जेवढं पाळू शकता तेवढंच लिहा.

कामावरची माणसं

नियम ३७ सांगतो, की फवारणीवर असलेल्या माणसाची कामावर घेण्याआधी आणि नंतर निदान दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ऑरगॅनोफॉस्फरस (क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यातलीच) किंवा कार्बामेट गटाची औषधं वापरत असाल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज दरमहा तपासायचं. हे नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम या औषधांनी घटतं. तालुक्याच्या लॅबमध्ये ही तपासणी सहसा होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणची लॅब आधीच ठरवून ठेवा आणि माणूस कामाला लागण्याआधीचा आकडा फाईलला लावा. तो आकडा नसेल तर पुढे घट झाली की नाही हे डॉक्टरला कळणार कसं?

मी स्वतः घरातल्या कामात शक्य तिथे या गटांबाहेरची औषधं, जेल आणि सापळे वापरतो. झुरळासाठी जेल बेट मारलं तर घर रिकामं करावं लागत नाही आणि पोराच्या फुप्फुसात काही जात नाही.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, चष्मा आणि कामाला योग्य असा श्वसन-मास्क द्यायची जबाबदारी मालकाची आहे. तोंडाला बांधलेला दुपट्टा म्हणजे मास्क नव्हे. ४५ अंशांत माणूस मास्क काढतो, हे खरं आहे. म्हणून एप्रिल-मेमध्ये काम सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ठेवा. शिवी देऊन मास्क टिकत नाही, वेळ बदलली तर टिकतो.

प्रथमोपचार पेटी आणि वापरात असलेल्या औषधाच्या उताऱ्याची माहिती कामाच्या ठिकाणी हवी. ऑरगॅनोफॉस्फरसला ॲट्रोपिन, ब्रोमाडायोलोनसारख्या उंदीरनाशकाला व्हिटॅमिन के-१. ही इंजेक्शनं आपण द्यायची नाहीत, डॉक्टरने द्यायची. पण बाटलीचं लेबल रुग्णाबरोबर दवाखान्यात गेलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक माणसाच्या मोबाईलमध्ये त्या दिवशीच्या लेबलचा फोटो काढून ठेवायला लावा. १०८ ला फोन करताना घाबरलेल्या माणसाला औषधाचं नाव आठवत नाही.

औषधाचा डबा एसटीतून नेऊ नका. दुचाकीच्या डिकीत डब्याशेजारी जेवणाचा डबा ठेवू नका. रिकामे डबे भंगारवाल्याला देऊ नका, कारण तेच पुढे कोणाच्या तरी घरी तेलाला वापरले जातात. नियम ४४ नुसार ते फोडून वस्तीपासून दूर पुरायचे. पंप धुतलेलं पाणी नाल्यात, विहिरीकाठी ओतायचं नाही.

रजिस्टर

दोन वह्या ठेवा. पहिली साठ्याची: औषधाचं नाव, नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत, कोणाकडून किती घेतलं, किती वापरलं, किती उरलं. बिलाशिवाय एक बाटलीही घ्यायची नाही. दुसरी कामाची: तारीख, पत्ता, कीड, औषध, प्रमाण, कोणी मारलं, घर किती वेळ बंद ठेवायला सांगितलं.

ग्राहकाला याच मजकुराची पावती मराठीत द्या. हॉटेल, दूध संकलन केंद्र, डाळ मिल यांना ती हवीच असते, कारण अन्न सुरक्षा नियमांच्या अनुसूची ४ मध्ये कीड नियंत्रणाच्या नोंदी मागितल्या जातात. माझी वर्षभराची बांधलेली कामं या एका कागदामुळे आली. स्वस्त दर सांगणारे बरेच होते, कागद देणारा कोणी नव्हता.

निरीक्षक आला तर

कीटकनाशक निरीक्षकाला कलम २१ नुसार जागेत येऊन तपासायचा, नोंदी पाहायचा, नमुना घ्यायचा आणि संशय असेल तर ठराविक काळ साठ्याची विक्री-वापर थांबवायचा अधिकार आहे. अडवू नका. नमुना घेतला तर त्याचे तीन भाग करून तुमच्यासमोर सील व्हायला हवेत, त्यातला एक तुम्हाला मिळायला हवा. तो नीट, थंड जागी कुलपात ठेवा. नमुना तपासणाऱ्या सरकारी विश्लेषकाच्या अहवालाची प्रत मिळाल्यावर तो चुकीचा वाटत असेल, तर २८ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. तो दिवस चुकला की अहवाल तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. परवाना नाकारला, निलंबित झाला किंवा रद्द झाला तर अपिलाला ३० दिवस असतात. पत्र हाती पडलं त्याच दिवशी पाकिटावर तारीख टाका, पाकीट फेकू नका, आणि पोचपावतीसह उत्तर जिल्ह्याला स्वतः नेऊन द्या.